मॉरिशसच्या गाड्यांवर काय निवडावं: दालपुरी की फराटा, आलुडा की व्हॅनिला चहा?

मॉरिशसचं पॅकेज घेताना तीन्ही वेळचं जेवण हॉटेलात ठरवू नका, नाश्त्यापुरतंच घ्या. या बेटाची खरी चव गाड्यांवर आहे.

पहिला मान दालपुरीचा. भोजपुरी गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेल्या, मजुरांबरोबर ती १९व्या शतकात इथे आली. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून कोरडी वाटतात, हळद-जिरं घालून मैद्याच्या पारीत भरतात आणि तव्यावर भाजतात. डाळीचं पाणीही वाया जात नाही, पीठ त्यातच भिजवतात. पुरणपोळीइतकीच मऊ, पण गोड नाही. मिळते ती जोडीनंच: वर मोठ्या पावट्याची रस्साभाजी, टोमॅटोची ‘रुगाय’ (मसालेदार ग्रेव्ही), चटणी आणि मिरचीचा ठेचा घालून कागदात गुंडाळलेली.

फराटा म्हणजे आपला पराठाच. पदर सुटलेला, आत सारण नाही. त्यामुळे सगळी भिस्त भाजीवर. भाजी उत्तम असेल तर फराटा मजा आणतो, पण गार झाला की चिवट होतो. दालपुरी तासाभरानंतरही मऊ राहते. समुद्रकिनारी बरोबर न्यायची तर दालपुरीच घ्या.

सकाळी लवकर बाहेर पडलात तर ‘गातो पिमा’ बघा. त्याच डाळीचे, कांदापात, कोथिंबीर आणि मिरची घातलेले छोटे वडे. लोणी लावलेल्या पावात गरमागरम खायचे. संध्याकाळी हीच जागा चिनी वळणाच्या ‘बुलेट’, म्हणजे मोमोसारख्या छोट्या गोळ्या, घेतात, वाफवलेल्या आणि रश्शात सोडलेल्या. शाकाहारी मंडळींनी मात्र विचारूनच घ्याव्यात. चायोटे या फळभाजीच्या बुलेटमध्येही कोळंबी असू शकते.

मासे खाणाऱ्यांनी ‘विंदाय’ चुकवू नये. तळलेला मासा किंवा ऑक्टोपस, त्याला मोहरी, हळद, लसूण, मिरची आणि व्हिनेगरचा मसाला. गोव्याच्या विंदालूचं आणि याचं मूळ एकच, पोर्तुगीज. पण विंदालू लाल मिरचीचा आणि रसदार, तर विंदाय पिवळा, कोरडा आणि मोहरीचा झणका असलेला. मुरला की जास्त चांगला लागतो, म्हणून तो गार मिळाला तरी नाक मुरडू नका. नेहमीच्या मच्छीकरीपेक्षा मी तोच सुचवेन.

पेयांमध्ये आलुडा आणि व्हॅनिला चहा यांची बरोबरी करण्यात अर्थ नाही, वेळा वेगळ्या आहेत. राजधानी पोर्ट लुईच्या मंडईत दुपारी घाम फुटला असताना आलुडाच हवा: थंड दूध, सब्जा, चायना ग्रासचे काप आणि सिरप. फालुद्याचाच भाऊ, फक्त शेवयांशिवाय. गोड बराच असतो, लहान मुलं असतील तर दोघांत एक पुरतो. व्हॅनिला चहा बेटाच्या दक्षिणेला, बुआ शेरीच्या मळ्यात प्यावा. तिथली हवा गार असते, चहाचा वास तिथे नीट कळतो. घरी न्यायला पाकिटंही मिळतात.

मद्य घेणाऱ्यांनी शामारेलची रम घ्यावी. ती साखरेच्या मळीपासून नव्हे, उसाच्या ताज्या रसापासून करतात.

पोर्ट लुईत एकाच दुपारची सवड असेल तर बाराच्या आत मंडईत पोहोचा. आधी दालपुरीची जोडी, मग आलुडा. फराटा राहिला तरी चालेल.