डाय, मेंदी की पांढरेच ठेवायचे?

"तुम्ही केस पांढरे कसे सोडलेत हो?" हा प्रश्न मला हल्ली भाजीच्या गाड्यापाशी, हळदीकुंकवाला, बसस्टॉपवर, कुठेही विचारला जातो. विचारणारी पन्नास ते पासष्टच्या मधली असते आणि बोलता बोलता तिचा हात स्वतःच्या भांगाकडे जातो. मी तिन्ही प्रकार करून बघितले आहेत. एकवीस-बावीस वर्षं डाय, मग अडीच वर्षं मेंदी आणि नीळ (कपड्यांची नव्हे, नीळीच्या पानांची पूड), आणि गेली तीन वर्षं पांढरे. वय त्रेसष्ट. प्रत्येकीचे केस वेगळे, घर वेगळं, नोकरी वेगळी, तेव्हा मी केलं तेच बरोबर असं म्हणणार नाही. अनुभवाला जे आलं ते सांगते, पटेल तेवढं घ्या.

डायबद्दल आधी चांगलं बोलते, कारण आजकाल त्याला नावं ठेवायची पद्धतच पडली आहे. माझे केस पस्तिशीत पिकायला लागले. आईचेही तसेच होते. मी बँकेत काउंटरवर बसायचे, समोर दिवसाला शे-दीडशे माणसं. त्या सगळ्या वर्षांत डायने मला निर्धास्त ठेवलं, ते उपकार मी विसरत नाही. पाऊण तासात काम होतं, रंग एकसारखा बसतो, दुसऱ्या दिवशी कुणी काही विचारत नाही. पांढरे अजून निम्म्याहून कमी असतील आणि नोकरी चालू असेल, तर डायइतकं सोपं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

त्याची भीती मात्र खरी आहे. गडद रंगाच्या बहुतेक पक्क्या डायमध्ये पॅराफेनिलीनडायअमाइन असतं, ज्याला थोडक्यात पीपीडी म्हणतात. अमोनिया केसाचं वरचं आवरण उघडतो, मग हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पीपीडी यांची केसाच्या आतच प्रक्रिया होते आणि तयार झालेला रंग तिथे अडकून बसतो. म्हणून तो धुऊन जात नाही. खोक्यावर 'अमोनिया नाही' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं तरी आत पीपीडी असू शकतं. आणि त्याची ॲलर्जी पहिल्याच वेळी येते असंही नाही. माझ्या जाऊबाईंनी पंधरा वर्षं एकच रंग वापरला, कधी काही झालं नाही. सोळाव्या वर्षी एका रात्री कानामागे खाज सुटली आणि सकाळी पापण्या इतक्या सुजल्या होत्या की त्यांना डोळे उघडता येईनात. डॉक्टरांनी डाय कायमचा बंद करायला सांगितला. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास थांबायचं, ही सूचना खोक्यातल्या कागदावर असते. दर वेळी करायची ती चाचणी आम्ही दोघींनी एकदाही केली नव्हती. मला स्वतःला कधी त्रास झाला नाही, पण जाऊबाईंचा तो चेहरा पाहिला आणि मी मेंदीकडे वळले.

मेंदीवर माझा जीव आहे, हे आधीच सांगते. तिच्या पानातलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटिनला धरून बसतं, त्यामुळे केस जाड, भरलेले वाटतात. चांगली पूड बहुतेक राजस्थानातल्या सोजतहून येते. सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. रात्री लोखंडी कढईत चहाच्या कोमट पाण्यात भिजवायची, वर आवळ्याची पूड. सकाळी झाकण काढलं की वरचा थर काळपट आणि खाली चमचा घातला की हिरवा. तो वास मला आजही आवडतो.

पण निम्म्याहून जास्त केस पांढरे असतील तर नुसत्या मेंदीने डोकं केशरी होतं. काहीजणींना ते शोभतंही. मला नको होतं, म्हणून मेंदीवर नीळ. म्हणजे मेंदी दोन-तीन तास ठेवून धुवायची, मग नीळ कालवून पंधरा-वीस मिनिटांत लावायला घ्यायची, ती तासभर ठेवायची आणि पुन्हा धुवायची. नीळ पातळ असते, मानेवरून ओघळते. टॉवेल, गाऊनची कॉलर, बाथरूमची फरशी, सगळं लगेच पुसावं लागतं. एका मेंदीला अख्खा रविवार. पावसाळ्यात इतका वेळ ओलं डोकं ठेवलं की मला चार दिवस सर्दी आणि कपाळात ठणका. जिला सायनसचा त्रास आहे तिने हा विचार जरूर करावा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. अर्ध्या तासात केस काळेभोर करणारी 'काळी मेंदी' मिळते. मेंदीचा आपला रंग काळा नसतो. तशा पाकिटात बऱ्याचदा पीपीडीच मिसळलेलं असतं, आणि डायची ॲलर्जी झालेल्या बायका नेमक्या त्याच पाकिटाकडे वळतात. मागच्या बाजूची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा.

आता जी अडचण डायला आहे आणि तशीच मेंदीलाही आहे, तिच्याबद्दल. माझा निर्णय तिनेच केला.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. मधोमध भांग पाडणाऱ्या बाईला पंधराव्या दिवशी भांगात पांढरी रेघ दिसायला लागते. इतरांना ती दिसते की नाही देव जाणे, आपल्याला मात्र दुसरं काही दिसत नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी मी एक लहान टिंब काढायचे. टिंब म्हणजे रंग लावायचा दिवस. लग्नाची पत्रिका आली की आधी टिंब बघायचं. माहेरी चार दिवस जास्त राहा म्हणाले की मी नाही म्हणायचे आणि कारण भलतंच सांगायचे. मुलीच्या बाळंतपणाला गेले तेव्हा तिच्या डिंकाच्या लाडवांच्या डब्याखाली माझी पाकिटं होती. बाळ बारा दिवसांचं असताना मी बाथरूमचं दार लावून डोक्याला नीळ थापत होते आणि बाहेर बाळ रडत होतं.

तरीही मी सोडलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत पहाटे साडेचारला फोन आला, कोल्हापूरची मावशी गेली. आई नोकरीला जायची, मला आणि भावाला मावशीनेच वाढवलं. भाचा गाडी घेऊन खाली आला. मी साडी नेसले, पर्स घेतली, दाराशी गेले आणि परत फिरले. टिंबाला एकवीस दिवस झाले होते. आरशावरचा दिवा लावला, काजळाची पेन्सिल घेतली आणि भांगात फिरवायला लागले. हात कापत होता. रेघ झाकली जाईना, दोन्ही बाजूंना काळे फराटे उमटले. ते पुसायला ओला रुमाल घेतला. खाली गाडीचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला. पाच-सात मिनिटं गेली असतील.

सांगलीहून कोल्हापूरपर्यंत मी जी रडले त्यात मावशी होती आणि ती पाच मिनिटंही होती. पोचले तेव्हा तिला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. कुणीतरी केस विंचरून ठेवले होते, पांढरेशुभ्र, कानामागे नीट वळवलेले. आयुष्यात तिने कधी रंग लावला नाही आणि मला ती कधी कुणापेक्षा कमी वाटली नाही. घरी आल्यावर मी कॅलेंडरवर टिंब काढलं नाही.

त्यानंतरचं सोपं होतं असं सांगणं खोटं ठरेल. पहिले आठ महिने कठीण जातात. वर्षाला पाच-सहा इंच एवढीच वाढ, म्हणजे खांद्याखाली केस असतील तर सगळे पांढरे व्हायला अडीच-तीन वर्षं. तोवर डोकं दोन रंगांचं. अंबाडा घालत असाल तर रंगीत टोकं आत वळवता येतात, तो मार्ग मला सगळ्यात सुसह्य वाटतो. सलूनमध्ये मध्ये मध्ये फिकट बटा काढून दोन रंगांतली सीमा पुसट करून देतात, तेही काहीजणींना आवडतं, खर्चिक मात्र आहे. मी दर दीड महिन्याने थोडे थोडे कापत गेले आणि सातव्या महिन्यात मानेपर्यंत कापून टाकले. त्या दिवशी कापणाऱ्या मुलीने मागे आरसा धरला आणि मला माझ्या आईची मान दिसली.

लोक बोलतात. "बरं नव्हतं का?", "स्वतःला असं सोडू नये गं", "यांचं काही बोलणं झालं का?" इतकंच काय, बसमध्ये एका मुलाने "आजी, बसा" म्हटलं तेव्हा मला दुखलं होतं. सहा महिन्यांनी तसंच कुणी म्हणालं तेव्हा मी बसले आणि त्याला आशीर्वाद दिला. आमच्या लहानपणी इंदिराबाईंची कपाळावरची ती पांढरी बट सगळ्या देशाने पाहिली. ती बघून बाई थकल्या असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही, दराराच वाटायचा. सुधा मूर्तींच्या करड्या केसांतला गजरा बघा, किती प्रसन्न दिसतो.

केस पांढरे झाले की कपड्यांचं सगळं बदलतं, हे मात्र मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. साठीला शोभतील म्हणून घेतलेल्या माझ्या बिस्किटी, राखाडी, फिकट पिस्ता रंगाच्या साड्या एकाएकी माझ्या अंगावर मरगळल्यासारख्या दिसायला लागल्या. इतकी वर्षं चेहऱ्याला उठाव देण्याचं काम काळे केस करत होते, ते आता रंगांनी करायला हवं होतं. मग एका दुपारी कपाटासमोर, खिडकीच्या उजेडात, एकेक पदर खांद्यावर टाकून पाहिला. चाळिशीत घेतलेली जांभळी इरकल, राणी रंगाचं एक सुती लुगडं, मोरपंखी काठांची नारायणपेठी. ज्या 'आता वय राहिलं नाही' म्हणून खाली गेल्या होत्या त्याच खुलल्या. तीन फिकट साड्या मी जाऊबाईंच्या सुनेला देऊन टाकल्या. चष्म्याची सोनेरी बारीक काडी बदलून काळी ठसठशीत फ्रेम घेतली. आणि टिकली थोडी मोठी केली. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने काहींच्या कपाळावर पांढरट डाग पडतो, माझ्या नणंदेला पडला आहे, म्हणून मी मावशीसारखं मेण लावून त्यावर कुंकू लावते. पांढऱ्या केसांखाली ते कुंकू इतकं उठून दिसतं की मला दुसरा दागिना लागत नाही.

निगा कमी लागते असं मात्र समजू नका. पांढरा केस राठ आणि कोरडा असतो, उन्हाने आणि बोअरच्या जड पाण्याने पिवळट पडतो. दहा दिवसांतून एकदा जांभळा शाम्पू लावला की पिवळेपणा जातो. जास्त वेळ ठेवलात तर जांभळी झाक येते, दोन मिनिटं पुरतात. कापणं वेळेवर हवं. नीट कापलेले पांढरे केस ठरवून ठेवलेले दिसतात, वाढलेले मात्र दुर्लक्ष झाल्यासारखे दिसतात. रंगावर जाणारे पैसे वाचले, त्यातले निम्मे कापण्यात जातात.

तर कुणी काय करावं? नोकरी आहे, पांढरे कमी आहेत, त्वचेला त्रास नाही, तर डाय चालू ठेवा, पण ती ४८ तासांची चाचणी करा. वेळ आहे, सर्दीचा त्रास नाही आणि केशरी-तपकिरी झाक आवडते, तर मेंदीसारखं सुख नाही. आणि रंग लावण्यात मनापासून आनंद मिळत असेल तर ऐंशीव्या वर्षीही लावा, माझी एक शेजारीण लावते आणि झकास दिसते. पण तुमच्याही कॅलेंडरवर तसलं टिंब असेल, आणि ते बघून तुम्ही कुठे जायचं, किती राहायचं हे ठरवत असाल, तर माझं मन तुम्हाला पांढऱ्याकडेच ओढेल. सुरुवात लग्नसराई आटोपल्यावर करा. आषाढ-श्रावणात घरात डोकं झाकून बरंच निभतं, दिवाळीपर्यंत दोन-अडीच इंच पांढरे येतात.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरला भाच्याच्या मुलीचं लग्न आहे. यंदा आठ दिवस राहायला या म्हणाले, मी हो म्हटलं आहे. नारायणपेठी काढून उन्हात टाकली आहे, ब्लाउज तेवढा बाजूने उसवून आणायचा राहिलाय.