सोयाबीनच्या तांबेऱ्यावर ‘कवच’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

नवी मुंबईत घणसोली, कोपरखैरणे, ऐरोलीत राहणाऱ्या आणि गावाकडे सोयाबीन असणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. त्यातही सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या लोकांनी नीट वाचा. तांबेरा म्हणजे सोयाबीनच्या पानांवर येणारा बुरशीचा रोग. पेरणी तोंडावर आली की त्यावर खोटं औषध विकणारी माणसं पुन्हा आपल्या भागात फिरायला लागतील.

आमचं शेत सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. कसतो माझा चुलतभाऊ, आमचा दादा. बी-बियाणं आणि औषधाचा खर्च मी इथून बघतो. गेल्या मे महिन्यात घणसोलीत गाववाल्यांच्या मंडळाची बैठक होती. तिथे एक चांगला बोलणारा माणूस आला. तुर्भ्याला ऑफिस आहे म्हणाला. आपल्याच बाजूची बोली, घरातल्या वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार. ‘‘मामा, तुमच्या पट्ट्यात तांबेरा दरवर्षी. बियाण्यालाच आमचं कवच चोळा, वर एक फवारणी. अख्ख्या हंगामात तांबेरा शिवणार नाही.’’ एकरी 4,500 रुपये. पैसे त्याच्या स्वतःच्या नावाच्या यूपीआयवर. बिल मागितलं तर ‘‘मालाबरोबर येईल’’, आणि आलं ते ‘सल्ला शुल्क’ लिहिलेलं चिटोरं.

खोटेपणा कुठे होता ते आधी सांगतो, कारण तांबेरा कसा येतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला कोणी हे विकू शकत नाही. तांबेरा बियाण्यातून येत नाही. त्याची बुरशी फक्त जिवंत हिरव्या पानावर जगते आणि तिचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, वाऱ्याबरोबर उडत येतात. त्यामुळे बीजप्रक्रियेनं उगवणीच्या वेळचे मर, मूळकूज हे रोपांचे रोग थोपवता येतात, पण पेरताना चोळलेली पावडर फुलोऱ्यातल्या पानाला वाचवू शकत नाही. बुरशीला लागतो ओलावा. सहा-आठ तास पान ओलं राहिलं, हवा 18 ते 28 अंशांच्या आसपास राहिली, आभाळ दाटून सतत रिपरिप लागली की ती पानात शिरते. आठ-दहा दिवसांत त्याच पानावर नवे बीजाणू तयार होतात आणि पुढच्या पानांवर पसरतात. कृष्णाकाठी ऑगस्टमध्ये नेमकं हेच हवामान असतं. त्यात उशिरा पेरलेलं, दाट पेरलेलं, ओळी बुजलेलं सोयाबीन असेल तर खालच्या पानांना वारा लागत नाही आणि ती दुपारपर्यंत ओलीच राहतात. शिवाय आमच्याकडे बियाण्यासाठी काही जण उन्हाळी सोयाबीन घेतात. ते हिरवं राहिलं की रोगाला वर्षभर घर मिळतं.

ऑगस्टच्या मध्याला दादाचा फोन आला, खालची पानं पिवळी पडायला लागलीत. त्यानं पानाची मागची बाजू बोटानं पुसली, तर बोटाला विटकरी भुकटी लागली. ही खरी खूण. जिवाणूंच्या पुरळातही पानामागे बारीक फोड दिसतात, पण त्यातून भुकटी निघत नाही. पिवळा मोझॅक या विषाणूच्या रोगात पिवळे चट्टे वरूनच दिसतात. दादानं बोटाचा फोटो पाठवला, मी तो त्या माणसाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘‘तांबेरा नाही साहेब, पालाशची कमतरता आहे. दुसरी बाटली मारा, आठवड्यात पानं टवटवीत.’’ दुसरी बाटली अर्थातच विकत.

आमचा खरा घात इथे झाला. 4,500 रुपयांपेक्षा महाग पडले ते मधले दिवस. भुकटी दिसली त्या दिवशी हेक्झाकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक, लिटरभर पाण्याला 1 मिली, पानांच्या मागे आणि खालच्या थरापर्यंत पोचेल असं फवारलं असतं, पंधरा दिवसांनी पुन्हा घेतलं असतं, तर पीक बरंचसं हाती लागलं असतं. त्याऐवजी त्याची बाटली आणि वाट बघणं. तोवर रोग शेंड्यापर्यंत चढला, पानं झडली, शेंगा भरायच्या ऐन वेळी झाड उघडं पडलं. दाणे बारीक, शेंगा पोचट. दरवर्षीच्या निम्माही उतारा पडला नाही. माझं घर पगारावर चालतं. दादाचं वर्ष या पिकावर चालतं, आणि राग येतो तो यासाठी.

बाटली मी इथे मागवून घेतली. वरचं चकचकीत स्टिकर कोपऱ्यातून सुटलं होतं, पाण्यात भिजवून काढलं तर खाली दुसरं लेबल निघालं, ह्युमिक अॅसिडचं, म्हणजे पिकाच्या वाढीसाठी देतात त्या द्रावणाचं. बुरशीनाशकाचं काही नव्हतं. नोंदणी क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, विषाच्या तीव्रतेचा रंगीत चौकोन नाही. रोग मारणारं औषध विकायचं तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. म्हणून कागदावर ‘पीक संजीवक’ लिहायचं आणि तोंडानं ‘तांबेऱ्याचं औषध’ म्हणायचं, ही यांची रीत. व्हॉट्सअॅपवरचे त्याचे दावे त्यानं नंतर पुसून टाकले. मी त्याआधी स्क्रीनशॉट घेतले होते म्हणून बरं. तुर्भ्याच्या गाळ्यात आता दुसराच धंदा चालतो.

कोणी ‘शंभर टक्के तांबेरामुक्त’ वाण दाखवला तरी थांबा. राहुरी कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रजच्या (सांगली) केंद्रातून आलेले फुले संगम, फुले किमया हे वाण आपल्याच भागात तयार झालेत, आणि तेही रोगाला बऱ्यापैकी तोंड देतात एवढंच सांगितलं जातं. रोग येणारच नाही, असं विद्यापीठही म्हणत नाही. जुना जेएस-335 मात्र सहज बळी पडतो. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो. तो, बिल आणि थोडं बियाणं काढणी होईपर्यंत जपून ठेवा. पेरणी वेळेत, ओळींत 45 सेंटिमीटर अंतर, आणि फुलोऱ्यापासून दर दोन-तीन दिवसांनी खालची पानं उलटून बघणं. शहरात बसलेल्यांनी गावच्या माणसाला फोटो पाठवायला सांगावं, पण ‘हे काय आहे’ हे विक्रेत्याला विचारू नये. तालुक्याच्या कृषी कार्यालयाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारावं.

आमची तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे दिली आहे, ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंदवली आहे. आमच्या बाटल्या उघडलेल्या असल्यानं नमुना घेताना अडचण आली. तुमच्याकडे अशी सीलबंद बाटली पडून असेल तर फेकू नका, स्टिकरही काढू नका. पैसे पाठवल्याची नोंद आणि त्या माणसाचे मेसेज जोडून तुमच्या तालुक्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे ती द्या. आमच्या मंडळातल्या आणखी काही घरांनी हाच माल घेतला होता. ते आता आमच्याबरोबर तक्रारीत उभे राहिलेत.