करडांसाठी थर्मामीटर: मेडिकलमधला साधा डिजिटलच घ्या

शेळीपालकाच्या औषधपेटीत ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची बाटली हमखास असते, थर्मामीटर क्वचित. करडू मलूल दिसलं की कानाला हात लावायचा आणि सुई टोचायची, अशी रीत. पण थंडीच्या रात्री ताप असलेल्या करडाचेही कान गार लागतात आणि उन्हात बांधलेल्या धडधाकट करडाचे तापलेले. तेव्हा आधी आकडा.

बाजारात चार प्रकार मिळतात. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर महाग आणि इथे बिनकामाचा, कारण तो अंगावरच्या केसांचं तापमान दाखवतो. पाऱ्याचा शेडमध्ये फुटतो, आणि माणसांसाठीच्या पाऱ्याच्या थर्मामीटरची पट्टी ३५ अंश सेल्सियसपासून सुरू होते. गारठलेलं करडू त्याच्याही खाली गेलेलं असू शकतं. उरले दोन डिजिटल: ताठ टोकाचा आणि लवचिक टोकाचा. दोन्ही साधारण ३२ ते ४२.९ अंशांपर्यंत मोजतात, म्हणजे करडासाठी पुरेसे. थोडे पैसे जास्त गेले तरी लवचिक टोकाचाच घ्या. करडू उसळी मारतं तेव्हा ताठ टोक आत टोचतं. फॅरनहाइट दाखवणारा मागून घ्या, डॉक्टरांशी बोलणं त्यातच होतं.

वापरण्यात चुका होतात त्या अशा. टोकाला खोबरेल तेल लावून ते गुदद्वारातून दोन-तीन सेंटिमीटर आत सरकवा आणि किंचित तिरपं करून आतड्याच्या भिंतीला टेकवा. सरळ लेंड्यांत घुसलं तर आकडा अंशभर कमी येतो. हगवणीने सैल पडलेल्या जागी हवा शिरते, तिथेही कमीच. शिटी वाजली म्हणून लगेच काढू नका, आकडा थांबेपर्यंत धरा. मोजायचं ते सकाळी, सावलीत. पळापळ करून आलेल्या करडाचा आकडा धरू नये. नंतर साबणाच्या गार पाण्याने धुऊन स्पिरिट लावा. आणि त्याच्यावर पक्क्या शाईने ‘शेळी’ लिहा, घरातलं कुणी तोंडात धरायला नको!

निरोगी करडाचं तापमान १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहाइट, फार तर १०४ (पुढचे आकडेही फॅरनहाइटमध्येच). या उपकरणाचे पैसे खरे वसूल होतात ते खालच्या बाजूला. हिवाळ्यात पहाटे विणाऱ्या शेळीचं ओलं करडू ९८ वर आलेलं असतं, आणि लोक त्याच्या तोंडात बाटली कोंबतात. अशा थंड करडाचं पोट चालत नाही, चोखण्याची ओढही नसते. दूध फुफ्फुसात जातं. बोट तोंडात घालून पाहा: तोंड गार आणि बोट चोखत नसेल तर दूध बंद. आधी गोणपाटाने कोरडं करा, कपड्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही कुशींना लावा, दर अर्ध्या तासाने मोजा. ९९ च्या वर गेलं, मान धरू लागलं, की चीक पाजा: एका वेळी किलोमागे ५० मिली, म्हणजे अडीच किलोच्या करडाला १२५. जन्मून पाच-सहा तास उलटलेत आणि मान टाकलीय, तर नुसतं गरम करणं धोक्याचं. रक्तातली साखर संपलेली असते, ऊब मिळाली की झटके येतात. तिथे पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन लागतं, ते डॉक्टरांनीच द्यायचं.

वरच्या बाजूला १०४.५ आणि धाप असेल तर फुफ्फुसदाह समजा. लंगडत असेल तर सांधे दाबून पाहा. गरम, सुजलेला सांधा म्हणजे बहुधा नाळेतून गेलेला संसर्ग. १०५-१०६, नाका-डोळ्यांतून स्राव, हिरड्यांवर फोड आणि मग हगवण, हा पीपीआरचा (शेळ्या-मेंढ्यांत झपाट्याने पसरणाऱ्या विषाणूजन्य रोगाचा) क्रम. करडू वेगळं बांधा आणि १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन लावा. आकडा आणि वेळ भिंतीवर लिहून ठेवा. डॉक्टर यायच्या आधी तापाची सुई मारली तर ही सगळी माहिती पुसली जाते. आणखी एक: आजारी करडाचा ताप १०६ वरून एकदम १०० खाली आला तर खूश होऊ नका, ते हातचं जात असतं.

उणीव सांगायलाच हवी. रक्ती हगवणीत (कॉक्सीत, म्हणजे आतड्यातल्या कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवींच्या रोगात) ताप बहुतेकदा नसतो, जंतांत नसतो, आणि आंत्रविषारात (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगात) करडू मोजायच्या आतच जातं. तीन आठवड्यांपासून पाच महिन्यांपर्यंतचं करडू, शेपटीला काळपट किंवा रक्ताळलेली घाण, आकडा १०२.५: इथे ऑक्सिटेट्रासायक्लिन वाया जातं. लेंडी तपासून घ्या. कॉक्सी निघाली तर डॉक्टर सहसा ॲम्प्रोलियम देतात, किलोमागे ५० मिलिग्रॅम, रोज एकदा, पाच दिवस. २० टक्के पावडर असेल तर ८ किलोच्या करडाला २ ग्रॅम, पाण्यात कालवून, तोंडाने. पिण्याच्या पाण्यात टाकून भागत नाही, कारण आजारी करडू पाणीच पीत नाही. जास्त दिवस दिली तर थायमिन (ब१ जीवनसत्त्व) कमी पडून करडू मान मागे टाकतं. सोबत ओआरएस, पण दुधात मिसळून नव्हे, दोन पाजण्यांच्या मध्ये.

सेल बटणासारखा असतो, तालुक्याला घड्याळवाल्याकडे मिळतो. एक जादा आणून ठेवा, तो संपतो रात्रीच.