सुटे इफ, एल्स-इफ लॅडर की स्विच?

प्रोग्रॅममध्ये गुणांवरून श्रेणी काढायची: ७५ किंवा जास्त असतील तर अ, ६० पासून ब, ४० पासून क, नाहीतर ड. नवशिक्याला हा सराव दिला की तो बहुधा सुटे इफ ('अट खरी असेल तर हे कर' अशा आज्ञा) एकाखाली एक मांडतो. त्यात ८२ गुण घालून बघा. पहिली अट खरी, श्रेणी अ झाली. पण प्रोग्रॅम तिथे थांबत नाही. ८२ हे ६० पेक्षाही जास्त, म्हणून अ पुसून ब. ४० पेक्षाही जास्त, म्हणून ब पुसून क. हुशार मुलाला क! एररही येत नाही, म्हणून ही चूक मला फार वाईट वाटते.

एल्स-इफ लॅडरमध्ये, म्हणजे एल्सने ('नाहीतर') जोडलेल्या अटींच्या साखळीत (पायथन भाषेत तिथे एलिफ लिहितात), एक अट खरी ठरली की खालच्या अटी तपासल्याच जात नाहीत. अनेकांतून एकच उत्तर निवडायचं असेल तर डोळे झाकून लॅडर घ्या. मात्र अटींचा क्रम नीट लावावा लागतो. लीप वर्षाचं उदाहरण घ्या. 'चारने भाग जातो का' हे आधी विचारलंत तर १९०० लीप ठरेल, आणि ते लीप नव्हतं. आधी ४०० ने, मग १०० ने, मग ४ ने असं विचारलं की २००० लीप येतं, १९०० येत नाही. हेच इफच्या पोटात इफ घालूनही जमतं, पण तिसऱ्या पातळीला कुठला एल्स कुठल्या इफचा हे शोधताना जीव मेटाकुटीला येतो. सुरुवातीला तरी मी तो मार्ग सुचवणार नाही.

मग सुटे इफ टाकाऊ का? मुळीच नाही. तीनने भाग गेला तर 'फिझ', पाचने गेला तर 'बझ', दोन्हींनी गेला तर 'फिझबझ' हा सराव करून बघा. रिकामी स्ट्रिंग (मजकूर साठवायची जागा) घ्या आणि दोन सुट्या इफनी तिला शब्द जोडत जा. १५ आला की 'फिझबझ' आपोआप तयार होतो. लॅडर वापरलीत तर १५ ची अट सगळ्यात वर ठेवावी लागते, आणि नेमकं तेच विसरायला होतं. जिथे दोन्ही अटी एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि दोन्हींचं काम व्हायला हवं, तिथे सुटे इफच बरोबर.

आता स्विच, म्हणजे दिलेल्या किमतीशी जुळणारा पर्याय (केस) निवडणारी रचना. त्याचं थोडक्यात सांगतो. मेनूतला १, २, ३ असा नेमका पर्याय ओळखायला तो छान. 'साठ ते पंचाहत्तर' अशा पट्ट्यांना सी भाषेतला स्विच सोयीचा नाही. शिवाय सी मध्ये ब्रेक ('इथे बाहेर पड' ही आज्ञा) लिहायचा राहिला तर पुढचा केसही चालतो. पायथनमध्ये याच कामाचं मॅच ३.१० आवृत्तीत, २०२१ साली आलं. जुन्या आवृत्तीवर ते चालणार नाही.

काहीही निवडा, पण ७४, ७५, ४० आणि ३९ हे आकडे घालून बघितल्याशिवाय सराव सोडू नका. 'पेक्षा जास्त' आणि 'तेवढे किंवा जास्त' यांतली गफलत तिथेच सापडते.