अंगठी झकास, डबी भिकार

भावाच्या साखरपुड्याची अंगठी ठाण्याला नौपाड्यात, गोखले रोडवरच्या एका जुन्या पेढीतून घेतली. हिरा अर्ध्या कॅरेटचा, म्हणजे जेमतेम १०० मिलिग्रॅम. पण काउंटरवरच्या काकांनी हातात भिंग देऊन हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला नंबर सर्टिफिकेटशी ताडून दाखवला, सोन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांकसुद्धा. दुकानातल्या दिव्यांखाली काचही चमकते, म्हणून होणाऱ्या भावजयीने अंगठी दाराशी उजेडात नेऊन पाहिली. कुणी हटकलं नाही. घडणावळ सणसणीत! घासाघीस केली की चहा येतो, सूट नाही. डबीच्या मखमलीचा लाल रंग तर बोटांना लागला. हिऱ्याला तेलकटपणा लगेच चिकटतो, तेव्हा कणीक मळताना अंगठी काढायची. धुवायला कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे. हिरा धरणारे प्रॉन्ग सैल झालेत का, ते इथे फुकट बघून देतात.