जुन्या जीपचं स्पीडोमीटर इलेक्ट्रॉनिक करायचंय, मग जीपीएस लावावं का सेन्सर?

आमच्या घरची १९७४ ची पेट्रोल जीप आहे, सीजे ३बी, वडिलांनी शेतासाठी घेतलेली. तिच्या मीटरला मी आधी जीपीएस लावलं अन् वर्षभरानं ते काढून ट्रान्सफर केसवर (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) सेन्सर बसवला. दोन्ही वेळेस डायल अन् काटा जुनाच ठेवला, फक्त आतलं चुंबक-वाटीचं मशीन काढून तिथं काटा फिरवायला छोटी स्टेपर मोटार (बारीक टप्प्यांनी फिरणारी) अन् सर्किट टाकलं.

मूळ मीटर केबलवर चालतं, ट्रान्सफर केसवरून येणारी केबल मीटरातलं चुंबक फिरवती अन् त्याच्या ओढीनं वाटी अन् काटा हलतो. ती केबल का सोडली हे आधी सांगतो. काटा ४० ते ६० च्या मधी सारखा थरथरायचा, दोन केबली बदलल्या, फरक महिनाभर टिकायचा. आपल्याकडं काळ्या मातीची धूळ कुठंही घुसती, त्यात एका गॅरेजात केबलला वरपर्यंत ग्रीस भरून दिलं. खरं तर वरच्या टोकाला वीतभर कोरडी सोडायची असती, नाहीतर फिरता फिरता ग्रीस मीटरात चढतं अन् वाटी चिकटती, माझं तेच झालं. तुमची केबल नीट चालत असंल तर मात्र मी म्हणन हात लावू नका.

जीपीएसचं कौतुक पहिलं करायला पाहिजे, कारण बसवायला लईच सोपं. गाडीखाली झोपायचं काम नाही, डॅशवर अँटेना, दोन वायरी, झालं. टायर कुठल्याबी साइजचे टाका, स्पीड बरोबरच दाखवणार, कारण चाकाशी त्याचं काही देणंघेणंच नाही. पावसाळ्यात चिखलात चाकं जागेवर फिरली तरी खोटं अंतर चढत नाही. ब्रेक मारल्यावर काटा जरा उशिरा खाली येतो, अन् औट्रम घाटात कड्याच्या बाजूनं जाताना एक-दोनदा काटा बसून परत वर आला, पण तेवढ्यानं माझी तक्रार नव्हती.

तक्रार वेगळीच. आमची जीप पत्र्याच्या शेडात उभी असती अन् तिच्या फेऱ्या म्हणजे घर ते शेत, अडीच किलोमीटर. चालू केली की ते आधी सॅटेलाइट शोधत बसणार, कधी पंधरा सेकंद, कधी चांगलं मिनिटभर, अन् तोवर काटा शून्यावर अन् किलोमीटरबी मोजले जात नाहीत. म्हणजे दर फेरीला तीन-चारशे मीटर गायब, अन् दिवसाला चार फेऱ्या. मी दर वेळेस टाकी फुल करून वहीत अॅव्हरेज लिहितो, वडिलांपासूनची पद्धत आहे. नेहमी ९ च्या आसपास येणारं अॅव्हरेज ८ च्या खाली दिसायला लागलं, मला वाटलं कार्बोरेटर गेला, जालन्याला नेऊन खोलला, जेट साफ केले, फ्लोट बघितला, सगळं ठीक. शेवटी एक दिवस शेताच्या रस्त्यावर नुसतं मीटरकडं बघत गेलो तेव्हा कळलं की गाडीला काहीच झालेलं नाही, मीटरच किलोमीटर खातंय. त्या दिवसापासून ते माझ्या मनातून उतरलं. रोज लांबच्या रोडवर गाडी काढणाऱ्याला हे कदाचित जाणवणारबी नाही, हे मान्य.

सेन्सरला मेहनत आहे. ट्रान्सफर केसवर जिथं केबलचा नट बसतो तिथंच तो फिट होतो, आत चुंबक फिरतं अन् प्रत्येक फेऱ्याला ठरलेल्या पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, वर मीटरला जातात. पहिला त्रास झाला प्लगच्या वायरींचा, इंजिन नुसतं रेस केलं तरी उभ्या गाडीत काटा उड्या मारायचा. सेन्सरला शिल्डेड वायर टाकली, तिची जाळी एकाच टोकाला अर्थ केली अन् प्लगला रेझिस्टरवाल्या कॅप लावल्या, मग शांत झाला. माझी जीप १२ व्होल्ट आहे. तुमची ६ व्होल्ट असंल तर मधी कन्व्हर्टर लागतो, अन् काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थिंग असतं, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, ते न बघता जोडलं तर सर्किट जळतं, अन् हे दोन्ही पद्धतींना लागू आहे.

सेटिंग मी किलोमीटरच्या दगडांवर केली. ६० चा स्पीड धरला की एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत ६० सेकंद लागायला पाहिजेत. मला ५७ लागले, म्हणजे गाडी खरी ६३ नं चालली होती, कारण माझे टायर मूळ साइजपेक्षा मोठे. सर्किटमधी पल्सचा आकडा बदलला, परत फिरलो, तिसऱ्या खेपेला जुळलं. टायर बदलले की हे परत करावं लागणार, पण ते चार-पाच वर्षांतून एकदा. अन् आता सेल्फ मारून जीप शेडाबाहेर निघते ना निघते तोच काटा उठतो, पहिल्या मीटरपासून अंतर मोजलं जातं. वहीतलं अॅव्हरेज परत ९ वर आलंय.

५० वर्षांपुढची गाडी व्हिंटेजमधी नोंदवायची असंल तर एक गोष्ट बघा, २०२१ च्या नियमात गाडी मूळ रूपात असावी असं म्हटलंय. म्हणून डायलला भोक पाडू नका अन् काढलेलं मशीन फेकू नका, माझं तेलाचं बोट लावून डब्यात ठेवलेलं आहे.

सेन्सरचीबी एक गोष्ट मला अजून खटकती. किलोमीटरचे फिरणारे आकडे गेले, त्या खिडकीत आता छोटी डिजिटल पट्टी आहे. जुना आकडा फोटो काढून तोच पुढं चालू केला, तरी ९ वरून ० वर सरकणारं चाक बघायची सवय होती. ज्यांना ते आकडे जपायचेत त्यांच्यासाठी तिसरा प्रकार असतो, मोटारीचा डबा, तो सेन्सरच्या पल्स घेऊन छोटी केबल फिरवतो अन् जुनं मीटर आहे तसंच चालतं. तो मी लावलेला नाही, पण वडिलांच्या हातचे आकडे परत फिरताना बघायचेत म्हणून या दिवाळीनंतर डब्यातलं मशीन साफ करायला काढणार आहे. सेन्सर तोच राहील.