छापील पाठ टाचण वही : उद्दिष्टांचा रकाना कितपत उपयोगाचा?

बी.एड., डी.एल.एड. या शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांसाठी दुकानात मिळणाऱ्या छापील टाचण वहीत (पाठाचे नियोजन लिहिण्याच्या वहीत) घटक, उपघटक, उद्दिष्टे, स्पष्टीकरणे (उद्दिष्ट साधले हे विद्यार्थ्याच्या कोणत्या कृतीतून दिसेल ते सांगणारी वाक्ये), शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन, मूल्यमापन असे सगळे रकाने आयते असतात. मांडणी स्वच्छ राहते, तपासणाऱ्यालाही सोपे जाते. तेवढ्यासाठी वही जरूर घ्यावी. पण आयुष्यातले पहिले घटक नियोजन थेट तिच्यात उतरवू नये.

खोट आहे ती उद्दिष्टांच्या रकान्यात. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य ही चारही शीर्षके बहुतेक वह्यांत प्रत्येक पाठाला छापलेलीच असतात. रिकामी जागा दिसली की नवा शिक्षक ती भरतो आणि ३५ मिनिटांच्या तासिकेला सात-आठ स्पष्टीकरणे जमतात. खरे तर एवढ्या वेळात दोन, फार तर तीन शिकवून आणि तपासून होतात.

आठवीच्या विज्ञानातले ‘प्रकाशाचे परावर्तन’ घ्या. वहीत हमखास लिहिले जाते, ‘विद्यार्थी परावर्तनाचे नियम समजून घेतो.’ समजले हे कशावरून ओळखणार? त्यापेक्षा असे लिहावे : ‘सपाट आरसा, टाचण्या व कोनमापक दिल्यावर विद्यार्थी ३०°, ४५° व ६०° आपतन कोनांसाठी परावर्तन कोन काढून मोजतो, चूक २° च्या आत असते.’ तीन कोन मुद्दाम दिले आहेत. बरीच मुले कोन स्तंभिकेपासून (आरशाला काटकोनात काढलेल्या रेषेपासून) न मोजता आरशापासून मोजतात, आणि फक्त ४५° घेतला तर दोन्हीकडून तेच उत्तर येऊन ही चूक लपते. एवढे वाक्य त्या अरुंद रकान्यात मावत नाही. मग साहित्य गळते, अचूकतेची मर्यादा गळते आणि नुसते ‘मोजतो’ उरते.

काही वह्यांत मागे क्रियापदांची यादी असते : व्याख्या सांगतो, फरक स्पष्ट करतो, वर्गीकरण करतो, कारणमीमांसा करतो. यादी कामाची आहे, पण क्रियापदावरून पातळी ठरवू नका. पेरिस्कोपमधले आरसे ४५° कोनात का, याचे कारण फळ्यावर लिहून दिले असेल तर ते परत सांगणे हे ज्ञानच. ‘आपाती किरण तसाच ठेवून आरसा १०° फिरवला तर परावर्तित किरण किती फिरेल?’ हे आधी न सांगता विचारले आणि मूल आकृती काढून २०° म्हणाले, तर ते उपयोजन.

मूल्यमापनाचा रकाना शेवटी ठेवल्याने प्रश्न घाईत सुचतात आणि उद्दिष्टाशी जुळत नाहीत. म्हणून आधी साध्या फुलस्केप कागदावर मधोमध रेघ मारा, डावीकडे उद्दिष्ट आणि उजवीकडे लगेच त्याचा प्रश्न लिहा. प्रश्न सुचत नसेल तर उद्दिष्ट धूसर आहे, ते बदला. ‘विद्यार्थी प्रयोग करतो’ अशी ओळ आली तर ते उद्दिष्ट नव्हे, कृती आहे; ती विद्यार्थीकृतीत हलवा. सगळ्या घटकाची यादी झाली की तिच्यावरूनच घटक चाचणीचा संविधान तक्ता (कोणत्या उद्दिष्टाला किती प्रश्न व गुण याचा आराखडा) करा आणि मगच वही भरा. विकत घेताना उद्दिष्टे व मूल्यमापन समोरासमोरच्या पानांवर असलेली वही मिळाली तर तीच निवडा.